अनोळखी माणसासाठी दार उघडताना : बायबलमधला पाहुणचार कोल्हापूरच्या घरात कसा आणायचा

कोल्हापुरात पाहुणा उपाशी परतत नाही, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो खोटाही नाही. रविवारी मटणाचा बेत असला की तांबडा, पांढरा, सुकं अशा वाट्या सरकत राहतात आणि 'आणखी घ्या की' थांबत नाही. पण पाटावर बसलेला माणूस कोण असतो? मेहुणा, व्याही, मुलाचा मित्र, ऑफिसातले साहेब. आज आपण वाढलं की उद्या त्यांच्याकडे आपलं ताट मांडलं जाणार, हे दोन्हीकडे माहीत असतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात येशू एका परूश्याच्या, म्हणजे कर्मठ यहूदी पंथातल्या माणसाच्या, घरी जेवायला बसला आहे आणि यजमानाला सांगतो आहे की मित्र, भाऊ, नातलग, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, ते उलट बोलावून फेड करतील. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव, त्यांच्याकडे फेडायला काही नाही. ज्याचं खातोय त्यालाच हे सुनवायला धाडस लागतं.

हा लेख अशा घरांसाठी आणि ख्रिस्ती मंडळ्यांसाठी आहे, ज्यांना हे पटतं पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. पाहुणचाराच्या बाबतीत बायबल हवेत बोलत नाही. खोलीत काय काय ठेवलं, पीठ किती मळलं, उतारशाळेचे पैसे कोणी भरले, पाहुणा किती दिवस राहिला, हे सगळं त्यात लिहून ठेवलेलं आहे. खालच्या पायऱ्या त्यातूनच काढल्या आहेत. क्रम पाळा, पण सगळ्या एकदम चढायला जाऊ नका.

पहिली पायरी : आपल्या गल्लीतला परका कोण, ते ठरवा

'सगळ्यांसाठी दार उघडं' असं म्हणणाऱ्या घरात बहुतेक वेळा कुणीच येत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात परक्याचा उल्लेख येतो तेव्हा तो ठराविक माणसाचा असतो: तुमच्या गावात राहणारा, पण जमिनीत वाटा नसलेला, पाठीशी भाऊबंद नसलेला. लेवीय 19 म्हणतं, तुमच्या देशात राहणाऱ्या उपऱ्याला छळू नका, त्याला स्वदेशीयासारखं माना, स्वतःसारखी त्याच्यावर प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर (इजिप्त) देशात उपरी होता. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 10 व्या अध्यायात भर पडते की देव स्वतः परक्याला अन्नवस्त्र देतो. म्हणजे प्रीतीचं मोजमाप भावनेत नाही, भाकरीत आणि अंगावरच्या कपड्यात आहे.

कोल्हापुरात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयात कोकणातून, सीमाभागातून आलेल्या रुग्णाचे नातेवाईक व्हरांड्यात सतरंजी टाकून असतात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली पोरं एका खोलीत दाटीवाटीने राहतात. शिवाजी विद्यापीठात पहिल्यांदाच गाव सोडून आलेली मुलं-मुली आहेत. दिवाळीच्या आगेमागे बीडकडचे ऊसतोड कामगार येतात आणि हंगाम संपेपर्यंत रानात कोप्या करून राहतात. आणि पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली की आपल्याच शहरातली माणसं एका रात्रीत बेघर होतात.

यातला एकच गट निवडा. तुमच्या रोजच्या वाटेवर असलेला निवडलात तर उत्तम, कारण लांबच्या गटाकडे जाणं दोन महिन्यांत बंद पडतं.

या जिल्ह्याला परक्यांना ठेवून घेण्याची सवय आहे, हेही लक्षात असू द्या. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावून, सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेले सुमारे 5000 पोलिश निर्वासित 1943 पासून 1948 पर्यंत वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. पुढे त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीची सुरुवातही एका परक्यापासूनच झाली. 1852 मध्ये रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले तेव्हा त्यांना ओळखणारं इथे कोण होतं?

दुसरी पायरी : स्वयंपाकघराला विचारा

ही पायरी बहुतेक पुरुष गाळतात. चर्चमधून बाहेर पडताना मोठ्या मनाने 'या की घरी जेवायला' म्हणून मोकळे होतात आणि घरी गॅसजवळ उभी असलेली बाई आणखी चार भाकऱ्या थापते.

उत्पत्तीचा 18 वा अध्याय या नजरेने वाचा. मम्रेच्या झाडांजवळ भर दुपारी अब्राहाम तंबूच्या दारात बसला आहे. तीन माणसं दिसताच हा म्हातारा धावत सामोरा जातो. मग साराला पीठ मळायला सांगून स्वतः गुरांकडे धावतो, कोवळं वासरू निवडून चाकराकडे देतो, दही-दूध आणून पुढे ठेवतो आणि ते जेवत असताना झाडाखाली उभा राहतो. यजमान बसलेला नाही. साराच्या वाट्याला कष्ट आले, हे खरं. तीन मापं सपीठ म्हणजे आजच्या हिशेबाने वीस लिटरच्या वर भरेल, तेवढ्या पिठाच्या भाकरी! पण अब्राहामानेही पाय दुखवले.

म्हणून घरात आधी बसून तीन गोष्टी ठरवा. आठवड्यातला किंवा महिन्यातला कुठला दिवस झेपेल? स्वयंपाक कोण करणार आणि भांडी कोण घासणार? आणि घरातल्या कुणी 'यावेळी नको' म्हटलं, तर ते बाकीचे मान्य करणार का? पेत्राच्या पहिल्या पत्रात (4:9) एकमेकांचा पाहुणचार कुरकुर न करता करा असं आहे. कुरकुरीचं औषध बहुतेक वेळा कामाच्या वाटपात असतं. येशू घरी आला असताना बेथानीतल्या मार्थेने केलेली तक्रार ऐका: बहिणीने सगळं काम माझ्या एकटीवर टाकलं. येशूने तिला शांत केलं ते आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. पण ताटं उचलायला कुणी उठलं का, हा प्रश्न आपल्या प्रवचनांत येत नाही.

तिसरी पायरी : जेवणापासून सुरू करा, मुक्काम नंतर

शुनेम गावच्या एका बाईची हकिगत दुसऱ्या राजांच्या 4 थ्या अध्यायात आहे. अलीशा संदेष्टा त्या वाटेने जायचा. तिने आधी आग्रहाने त्याला जेवायला थांबवलं. मग तो जाता-येता जेवून जाऊ लागला. माणूस कसा आहे हे पुरतं कळल्यावर तिने नवऱ्याला सुचवलं की माडीवर एक लहान खोली बांधू. त्यात खाट, मेज, चौरंग आणि दिवा ठेवू. तो आला की तिथे उतरेल.

क्रम बघा: जेवण, ओळख, घरातल्यांशी बोलणं, मग खोली. अनोळखी माणसाला पहिल्याच रात्री घरात झोपवलं पाहिजे असा नियम कुठे नाही. चहा, मग जेवण, मग कधीतरी मुक्काम, असं हळूहळू जा.

खोलीतल्या चार वस्तूही नीट निवडलेल्या आहेत. झोपायला, लिहा-वाचायला, बसायला आणि उजेडाला. पाहुण्याला आपल्या वेळेने जागं राहता यावं, आपल्या वेळेने निजता यावं, एवढी मोकळीक त्यात आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माडी कुठून आणायची? हॉलचा एक कोपरा चालतो. धुतलेली चादर, अंगावर घ्यायला रग, स्वच्छ टॉवेल, नवा साबण, पाण्याची बाटली, मच्छर पळवण्याची सोय आणि मोबाइल लावायला मोकळा प्लग एवढं ठेवा. संडास-बाथरूम कुठे, गिझर कसा लागतो, पाणी किती वाजता येतं आणि सकाळी दूधवाला बेल वाजवेल, हे आल्या आल्या सांगून टाका. परक्या घरात माणूस सगळ्यात जास्त लाजतो तो बाथरूम विचारायला. आणि त्या कोपऱ्यात टीव्ही असेल तर त्या रात्री मालिका बंद! पाहुणा झोप आवरत बसलेला असतो आणि आपलं एपिसोड संपत नाही, हे मी फार घरांत पाहिलं आहे.

चौथी पायरी : उंबऱ्यावर काय बोलायचं

पन्हाळा, राधानगरीकडच्या वाड्यांत अजूनही कुणी आलं की आधी पायावर घ्यायला पाणी आणि मग गूळ-पाणी पुढे येतं. अब्राहामाचा क्रमही तोच आहे. पाय धुवा, झाडाखाली टेका, घासभर खा, मग पुढे जा. कोण, कुठले, कशाला आलात, यातलं त्याने काही विचारलेलं नाही. शिवाय सांगितलं 'भाकरीचा तुकडा' आणि वाढलं वासरू. आपण उलटं करतो. तोंडाने मोठ्या जेवणाचा वायदा आणि प्रत्यक्षात 'पुढच्या वेळी नक्की'.

लूकच्या 7 व्या अध्यायात शिमोन परूश्याला येशू जे ऐकवतो ते जेवणाबद्दल नाहीच. तू माझ्या पायांना पाणी दिलं नाहीस, माझं चुंबन घेतलं नाहीस, डोक्याला तेल लावलं नाहीस. जेवण बहुधा चांगलंच असेल. उंबऱ्यावर हात आखडला, ते लागलं.

आपल्याकडे हात आखडतो तो एका प्रश्नात: 'आडनाव काय?' प्रश्न साधा दिसतो, पण विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही त्याचा अर्थ माहीत असतो. ख्रिस्ती घरांतही तो येतो, फक्त जरा फिरवून, 'मूळचे कुठले तुम्ही?' असा. पहिल्या भेटीत नाव पुरे. त्यानंतर विचारायचंच असेल तर हे विचारा: प्रवास कसा झाला, घरी फोन झाला का, काही पथ्य आहे का. रुग्णाच्या नातेवाइकाला 'काय झालंय पेशंटला?' असं दारातच विचारू नका. तो दिवसभर तेच सांगून थकलेला असतो. पोटात काही गेलं की आपण होऊन बोलेल. रिबकेच्या घरी आलेल्या अब्राहामाच्या सेवकाने ताट पुढे असताना आधी कामाचं बोलायचा हट्ट धरला, तेव्हा रिबकेच्या भावाने, लाबानाने, बोलू दिलं. म्हणजे ज्याला बोलायचंय त्याला अडवू नये आणि ज्याला नाही त्याला खोदू नये. त्याच घराने उंटांसाठी वैरण आणि जागाही काढून ठेवली होती. पाहुण्याची दुचाकी कुठे लावायची ते शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या.

पाचवी पायरी : ताट

शिष्यांना गावोगाव पाठवताना येशूने सांगितलं की तुमच्यापुढे वाढतील ते खा (लूक 10:8). हा नियम पाहुण्यासाठी आहे. यजमानाने त्याचा आधार घेऊन 'आमच्याकडे हेच असतं' म्हणू नये. यजमानासाठी रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय वाचा: अन्नावरून भावाला दुःख होत असेल तर तू प्रीतीने वागत नाहीस. म्हणून आधी विचारा. पाहुणा जैन असेल, उपवासाचा असेल, मुसलमान असेल तर मटण कुठलं हे त्याला महत्त्वाचं असेल, मधुमेह असेल. ठरवता आलं नाही तर सरळ शाकाहारी करा. आणि तिखट वेगळं वाढा. ओडिशाच्या पोराला पहिल्याच दिवशी आपला तांबडा ओरपायला लावून त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघत हसणं, यात गंमत आपली असते.

खर्चाचं काय? सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल होतं. एलीया संदेष्ट्याला तिने त्यातलीच भाकर दिली. नीतिसूत्रांत (15:17) म्हटलं आहे की द्वेषाच्या घरातल्या पुष्ट बैलापेक्षा प्रेमाने वाढलेली भाजी बरी. पिठलं-भाकरी, वरण-भात आणि लोणचं भरपूर झालं. बेत मोठा केला की तो वारंवार होत नाही. आणि इथे वारंवार होण्यालाच महत्त्व आहे.

आता भांड्यांविषयी. योहानाच्या 4 थ्या अध्यायात भर दुपारी येशू शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. ज्याच्या हातचं चालत नाही, त्याच्या भांड्यातून तो पाणी मागतो. कोल्हापूरकरांना याची एक जवळची आठवण आहे. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल ज्यांना मार बसला होता त्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली. मग स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला आणि सोबतच्यांनाही पाजला. महाराजांनी देणगी देऊन विषय संपवला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण ते ग्राहक म्हणून त्या दारात गेले. आपल्या घरात कामाला येणाऱ्या बाईंसाठी खिडकीत वेगळा कप ठेवलेला असेल, तर अनोळखी पाहुण्याला बोलवण्याआधी तो कप काढा. पाहुण्याला घरच्याच ताटात वाढा आणि त्याच्या शेजारी बसून जेवा.

पाहुण्याचंही घ्या. अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूच्या दोघा शिष्यांनी संध्याकाळ झाली म्हणून सोबत चालणाऱ्या अनोळखी माणसाला आग्रहाने ठेवून घेतलं. जेवायला बसल्यावर भाकर मोडून दिली ती त्या पाहुण्याने. तुमच्या पाहुण्याने आणलेली फळं 'कशाला आणलंत' म्हणून बाजूला टाकू नका, तेव्हाच कापून सगळ्यांना द्या. त्याला कांदा चिरायचा असेल तर चिरू द्या.

जेवणाआधी आपण नेहमी करतो तेवढीच छोटी प्रार्थना करा, त्याला करायला लावू नका. ताट पुढे ठेवून त्याच्या धर्माची चर्चा काढणं हा पाहुणचार नव्हे, त्या भाकरीची किंमत वसूल करणं आहे. तो विचारेल तेव्हा सांगा.

सहावी पायरी : घरी बोलावणं सोयीचं नसेल तेव्हा

प्रत्येक परक्याला आपलं घर लागतच नाही. ऊसतोड टोळीचं उदाहरण घ्या. ती माणसं उजाडायच्या आत फडात असतात, अंगावर मुकादमाची उचल असते आणि तोडलेल्या उसावर पैसा मिळतो. त्यांना दुपारी घरी जेवायला बोलावणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं. इथे रूथचा 2 रा अध्याय उपयोगी पडतो. शेताचा मालक बवाज याने मवाब देशातून आलेल्या रूथला घरी नेलं नाही. आपल्या शेतात वेचायची मोकळीक दिली, गड्यांना तिच्या अंगाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली, तहान लागेल तेव्हा घागरीतलं पाणी पी म्हणून सांगितलं, जेवणाच्या वेळी हुरडा पुढे केला. आणि कापणाऱ्यांना बजावलं की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं गाळत जा, तिला बोलू नका. तिला मागावं लागू नये, याची तजवीज त्याने केली.

तुमच्या रानाजवळ टोळी उतरली असेल तर मोटारीचं पाणी भरायला मोकळं ठेवा, बायकांना अंघोळीसाठी आडोसा द्या, थंडीत घोंगडी-स्वेटर द्या, आणि तुमच्या गड्यांना बवाजाने दिली तीच ताकीद द्या. जायचं असेल तर संध्याकाळी, मुकादमाला सांगून जा.

दुसरा प्रसंग रस्त्यावरचा. यरुशलेम ते यरीहोच्या वाटेवर लुटलेल्या माणसाला शोमरोन्याने घरी नेलं नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि जास्त लागलं तर परत येताना देईन असं मालकाला सांगितलं. त्या काळी एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. मदतीला मर्यादा होती, पण तिचा पाठपुरावाही होता. आपण महामार्गावर अपघात पाहतो आणि पोलिसांच्या कटकटीच्या भीतीने पुढे जातो. ती भीती आता कायद्याने काढलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 134अ हे कलम आलं. त्यानुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दावा होत नाही आणि नाव सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात अशा माणसाला 'गुड समॅरिटन' म्हटलं आहे, म्हणजे लूकच्या 10 व्या अध्यायातला हाच शोमरोनी. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबा.

घरात जागा नसेल तर शोमरोन्यासारखं एखाद्या लॉजचं किंवा धर्मशाळेचं एका रात्रीचं भाडं भरा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा.

सातवी पायरी : सावध राहा, आणि त्याची लाज बाळगू नका

बायबलमध्ये पाहुणचाराच्या दोन भयंकर कथा आहेत. सदोमात लोटाने पाहुण्यांना वाचवण्यासाठी जमावापुढे स्वतःच्या मुली देऊ केल्या. गिब्यात (शास्ते 19) एका म्हाताऱ्याने वाटसरूंना आसरा दिला, मग दारावर जमाव आला आणि शेवटी एका बाईचा जीव गेला. लोटाकडे आदर्श यजमान म्हणून बोट दाखवणारे लोक ही बाजू गाळतात. माझं मत स्पष्ट आहे: घरातल्या बायका-मुलांना धोक्यात घालून केलेला पाहुणचार देवाने मागितलेला नाही. यहोशवाच्या 9 व्या अध्यायात तर फाटके जोडे आणि बुरसटलेल्या भाकरी दाखवून जवळच राहणाऱ्या गिबोनी लोकांनी लांबून आल्याचं भासवून इस्राएलाशी करार करून घेतला, आणि वचनाने बांधलं गेल्यावर तो करार पाळावाच लागला.

पहिल्या मंडळ्यांनी यावर नियम केले होते. 'दिदाखे' या अगदी सुरुवातीच्या काळातल्या शिस्तीच्या पुस्तकात सांगितलं आहे की येणाऱ्या प्रेषिताला एक दिवस, गरज असेल तर दुसरा दिवस ठेवा. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजा. निघताना त्याने पैसे मागितले तरी तो खोटा. साध्या वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवा. त्याला इथेच राहायचं असेल आणि हाताला कसब असेल तर त्याने काम करून खावं.

हे वाचलं की चर्चच्या दारात येणारे काही चेहरे आठवतात. 'अमुक गावच्या मंडळीचा सेवक आहे, पाकीट मारलं, तिकिटाला पैसे हवेत.' अशा वेळी रोख देऊ नका. चहा-नाष्टा द्या, त्याच्या मंडळीचा नंबर मागून तिथल्या पाळकांशी बोला, आणि खरंच जायचं असेल तर स्टँडवर सोबत जाऊन तिकीट काढून द्या. पौलाने मंडळीची सेविका फिबी हिला पाठवताना रोमकरांस पत्रात तिची ओळख लिहून दिली होती. ओळख मागण्यात अविश्वास नाही, पण ती मागतानाचा आवाज मात्र नीट ठेवा.

मुक्काम असेल तर हे पाळा. घरात दोन प्रौढ माणसं असतील तेव्हाच ठेवा. मुलं वेगळ्या खोलीत, आतून कडी लावून झोपतील. ओळखपत्राचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा. शेजाऱ्याला सांगून ठेवा. औषधं आणि दागिने उघड्यावर नकोत, म्हणजे काही हरवलं तर पाहुण्यावर विनाकारण संशय येत नाही. एकट्या बाईने आसरा मागितला तर तिला बाईच्याच घरी पाठवा. घरात मारहाण होते म्हणून ती आली असेल तर 181 हा महिलांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. एकटं मूल सापडलं तर घरी ठेवून घेऊ नका, 1098 ला कळवा. तातडीला 112. परदेशी नागरिक घरी उतरला तर चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करण्याचा नियम आहे. पासपोर्ट आणि व्हिसाची पानं त्यासाठी लागतात. जास्त दिवस कुणी भाड्याने राहणार असेल तर पोलीस ठाण्यात माहिती द्या.

आठवी पायरी : मंडळीने मिळून करायची कामं

एका घराने दमून जाण्यापेक्षा दहा घरांनी वाटून घ्यावं. रुग्णालयाच्या वॉर्डातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आठवड्यातून एक दिवस डबे करता येतात: चपाती, सुकी भाजी, वरण, भात. झणझणीत नको, कारण कधीकधी त्यातलंच रुग्णालाही दिलं जातं. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना विचारून वेळ ठरवा. डब्याइतकीच गरज अंघोळीची असते. रुग्णालयाजवळ राहणाऱ्या एखाद्या घराने सकाळी बाथरूम आणि गरम पाणी दिलं, तर व्हरांड्यात चार रात्री काढलेली बाई त्यासाठी जे आशीर्वाद देते ते जेवणासाठीही देत नाही.

पुराची तयारी मात्र जूनमध्येच करा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी 39 ला लागलं की सभागृहाच्या किल्ल्या कुणाकडे, सतरंज्या किती, पिण्याचं पाणी कुठून, बायकांसाठी वेगळी खोली कुठली, हे ठरलेलं असलं पाहिजे. महामार्ग बंद पडला की अडकलेल्या ट्रकवाल्यांचाही विचार करा. प्रेषितांच्या कृत्यांत जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पौलाला आणि इतरांना मिलिता बेटावरच्या, म्हणजे आजच्या माल्टाच्या, लोकांनी पावसात-थंडीत आधी शेकोटी पेटवून दिली. ते लोक ख्रिस्ती नव्हते, यहूदीही नव्हते. ओल्या माणसाला प्रथम ऊब लागते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही. मदतकेंद्रात सुके कपडे आणि गरम चहा आधी, नावनोंदणी मागून.

रविवारी उपासनेला आलेल्या नव्या माणसासाठी वेगळी समिती नको. शेवटच्या बाकावर बसलेल्या त्या माणसाला गीतांच्या पुस्तकातलं पान काढून द्या आणि उपासना संपल्यावर त्याच्याशी बोलल्याशिवाय आपल्या माणसांच्या घोळक्यात जाऊ नका. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रेफेस नावाचा एक पुढारी आहे. तो स्वतः परक्या बांधवांना घेत नाही आणि घेणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो. असा माणूस तुमच्या कमिटीत असेल तर पत्रातली ती ओळ त्याला न सुनावता, ज्याला ते पत्र लिहिलं आहे आणि जो परक्या बांधवांना घेत असे, त्या गायसासारखं आपलं काम चालू ठेवा.

शेवटची पायरी : निरोप

किती दिवस ठेवायचं, हे पहिल्याच संध्याकाळी बोलून टाका. 'परवा सकाळपर्यंत आरामात राहा' असं म्हटलं की दोघांनाही बरं पडतं. मिलितावर बेटाचा प्रमुख पुब्लिया याने पौलाला आणि सोबत्यांना तीन दिवस घरी ठेवलं. बेटावर ते तीन महिने राहिले, पण त्याच्या घरी नव्हे. पाहुण्याने किती राहावं याबद्दलही नीतिसूत्रांत (25:17) एक रोखठोक सल्ला आहे: शेजाऱ्याच्या घरी फार पाय ठेवू नकोस, नाहीतर तो कंटाळून तुझा द्वेष करील. मुदत वाढवायची असेल तर आधी घरातल्यांना विचारा, मग पाहुण्याला सांगा.

निघताना मिलिताच्या लोकांनी जहाजावर लागेल ते सगळं भरून दिलं. गायसालाही योहान लिहितो की बांधवांना देवाला शोभेल असं पुढच्या प्रवासाला लावून दे. म्हणजे निरोप दारात हात हलवून संपत नाही. घाटातून कोकणात जाणाऱ्याला शिदोरी द्या: दोन चपात्यांत गुंडाळलेली सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा, बसमध्ये सांडणार नाही असं. मोबाइल चार्ज झाला का बघा. पाण्याची बाटली भरा. स्टँडवर कुठल्या फलाटावरून गाडी लागते ते सांगा, रात्रीची गाडी असेल तर सोबत जा. रुग्णाला घेऊन घरी परतणारं कुटुंब असेल तर डिस्चार्जचे कागद, औषधांची पिशवी आणि पुढच्या तपासणीची तारीख त्यांच्याकडे आहे ना, एवढं विचारा आणि त्या तारखेला कुठे उतरणार हेही विचारून ठेवा.